१९९० च्या मियाटात इंजिन बदललं तर ऑटोक्रॉसमध्ये गाडी कुठल्या क्लासात जाईल?

१.६ लिटरच्या मियाटात (माझदाची छोटी दोन-सीटर स्पोर्ट्स कार) माझदाचंच १.८ लिटरचं इंजिन टाकावं की होंडाचं २.४ लिटरचं के२४, आणि मग एससीसीए सोलोमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या ऑटोक्रॉसमध्ये (शंकूंनी आखलेल्या मार्गावर एकेका गाडीची वेळेशी शर्यत), गाडी कुठे बसेल, असा तुमचा प्रश्न. नियमावली हॉर्सपॉवर मोजत बसत नाही. इंजिन कुणाचं आणि त्यासोबत काय काय आलं, हे बघते.

सध्या कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) आणि २०० ट्रेडवेअरचे टायर (हा झिजेचा आकडा, कमी तितकं रबर मऊ) एवढंच केलं असेल तर गाडीचं घर एसटीएस, म्हणजे स्ट्रीट टूरिंग गटातला एक क्लास. इंजिन बदललं की तिथून बाहेर.

१.८ साठी मी सीएसपी, म्हणजे स्ट्रीट प्रिपेअर्ड गटातला एक क्लास, सुचवेन. या गटात नियमावलीतल्या गाड्यांच्या यादीत एकाच ओळीत असलेल्या वर्षांचे भाग आपसात बदलता येतात, आणि मियाटाची १९९० ते ९७ ही वर्षं एका ओळीत आहेत. पण इंजिन अख्खं यायला हवं, आणि ते बसवण्यासाठी कुठे कापाकापी, घासाघाशी चालत नाही. घोटाळा इथेच होतो. १९९४ च्या ब्लॉकवर (इंजिनाचा खालचा मुख्य भाग) १९९९ चं हेड (वरचा, झडपांचा भाग) चढवतात. रस्त्यावर झकास पळतं, पण सीएसपीतून बाद. मग ती गाडी एसएसएममध्ये, म्हणजे स्ट्रीट मॉडिफाइड गटातल्या क्लासात, टर्बो आरएक्स-७ या माझदाच्याच स्पोर्ट्स कारच्या पुढ्यात उभी!

१.८ जुन्याच गिअरबॉक्सला बसतं. क्लच मात्र २०० ऐवजी २१५ मिमीचा, त्यामुळे फ्लायव्हीलही १.८ चंच ठेवा. १.६ चा एअरफ्लो मीटर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) झडपेचा, ९४ पासूनचा हॉट-वायरचा. म्हणून हार्नेस (वायरिंग) आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ज्या गाडीतून इंजिन काढलं त्याच डोनर गाडीतून उचला. १.६ ला मागे ६ इंची रिंग गिअरचं डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) आहे, चिकट टायरवर ते फार दिवस काढत नाही. ७ इंची एकटं आणून भागत नाही; प्रॉपेलर शाफ्ट आणि दोन्ही हाफशाफ्टही (चाकांकडे जाणारे दांडे) १.८ चे लागतात. सगळा सेट एकाच गाडीचा मिळाला तर निम्मी डोकेदुखी वाचते.

के२४ चं म्हणाल तर स्ट्रीट मॉडिफाइडमध्ये इंजिनचा ब्लॉक गाडीच्याच कंपनीचा लागतो. होंडा आणि अ‍ॅक्युरा ही एकाच कंपनीची नावं धरली जातात, म्हणून सिव्हिकमध्ये अ‍ॅक्युराचं इंजिन चालतं. माझदात होंडा नाही चालत. मॉडिफाइडमध्ये चालेल, पण तिथे स्लिक टायरवरच्या, पार सोलून हलक्या केलेल्या गाड्या भेटतील. बहुतेक कोर्स दुसऱ्या गिअरमध्येच संपतो, त्यासाठी एवढा खर्च मला तरी पटत नाही.

इंजिन उतरवण्याआधी क्रँकची पुली बघून घ्या. तिला चार खाचा असतील तर तो शॉर्ट नोज, म्हणजे पुढचं टोक आखूड असलेला क्रँक. त्याचा बोल्ट सैल पडला तर पुलीला क्रँकवर धरून ठेवणारी धातूची की (चावी) आणि तिची खाच झिजते, पुली डोलायला लागते, टायमिंग सरकतं आणि गाडी मरगळते. 'इंजिनात दम नाही' या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं. आठ खाचा असतील तर हे दुखणं तुमच्या गाडीला नाही.