बिलात पाचू, अहवालात हिरवं बेरिल

प्रश्न: अंगठीच्या खड्याच्या बिलावर 'नैसर्गिक पाचू' लिहिलं होतं. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणतो, 'नैसर्गिक हिरवं बेरिल, रंग लोहामुळे'. विक्रेता म्हणतो, पाचू म्हणजे बेरिलच. पैसे परत मिळणार नाहीत. नकली माल विकल्याची केस करता येईल का?

उत्तर: तक्रार जरूर करा, पण तीत 'नकली' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. तुमचा खडा काच नाही, कृत्रिमही नाही. नकली म्हटलंत, की तुमचाच अहवाल पुढे करून समोरचा वकील सुटेल. तुमचं म्हणणं एवढंच असावं: सांगितलं एक आणि दिलं दुसरं. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, हे वस्तुविक्री कायदा 1930 च्या कलम 15 मध्ये आहे.

विक्रेता अर्धं खरं बोलतोय. बेरिल हे एक खनिज आणि पाचू त्याचाच एक प्रकार. शुद्ध बेरिलला रंग नसतो. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या काही जागा क्रोमियमने किंवा व्हॅनेडियमने घेतल्या, की पाचूचा गर्द हिरवा रंग येतो. लोहाने येणारा हिरवा सहसा फिका, पिवळसर किंवा निळसर असतो. निळसर अ‍ॅक्वामरीनसुद्धा लोहाने रंगलेलं बेरिलच. मग तेही पाचू म्हणून विकणार का, असं नोटिशीत सरळ विचारा. याचं उत्तर देणं त्याला जड जाईल.

अहवालात व्हॅनेडियम असतं, तर मी तुम्हाला थांबवलं असतं. तशा खड्याला पाचू म्हणावं का, यावर रत्नतज्ज्ञांतच वाद झाले आहेत.

छटेवरून मात्र भांडू नका. पेरिडॉटचा हिरवा लोहाचा, क्रायसोप्रेझचा निकेलचा, मॅलाकाइटचा तांब्याचा. डोळ्यांना सगळे हिरवेच. म्हणून रंगाचं कारण रासायनिक किंवा वर्णपट तपासणीतून ठरवल्याचं अहवालात स्पष्ट हवं. नसेल तर तेवढं लिहून घ्या. विक्रेत्याने अहवालच नाकारला, तर ग्राहक आयोग खडा प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो; त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागेल.

बिलावर नुसतं 'हिरवा खडा' असतं, तर बाजू लंगडी पडली असती. तेव्हा मूळ बिल जपा. ग्राहक आयोगापुढची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची. वाटाघाटींत ती निघून जाते.

आणि 'बघून देतो' म्हणून विक्रेत्याने अंगठी मागितली, तर खड्याचं वजन, मापं आणि अहवाल क्रमांक लिहिलेली सहीची पोच घेतल्याशिवाय ती हातातून सोडू नका.