कोंबड्याचा काटा किती कापावा आणि खोड कशाला म्हणावी

प्रश्न : कोंबडा दोन वर्षांचा आहे. पायामागचे काटे बोटाएवढे लांब झालेत, कोंबड्यांच्या पाठी सोलवटल्या आहेत. गरम उकडलेला बटाटा काट्यावर खुपसून ठेवला आणि पिळला की काटा आपोआप सुटतो, असं एकानं सांगितलं. करू का?

उत्तर : नका करू. काटा म्हणजे नुसतं नख नव्हे. वरचं आवरण शिंगासारखं मेलेलं असतं, पण आत पायाच्या नळीच्याच हाडाचा कोंब असतो आणि त्याला रक्त आणि जाणीव दोन्ही असतात. बटाट्यानं किंवा पक्कडीनं पिळून आवरण निघतं हे खरं, पण खाली लालभडक, ओला गाभा उघडा पडतो. पुढे कित्येक दिवस तो दुखतो, आणि बटाटा फार गरम असेल तर भाजतं ते वेगळंच.

कापायचं ते फक्त टोक. संध्याकाळी अंधार पडल्यावर कोंबडा दांडीवरून अलगद उचला, तेव्हा तो धडपडत नाही. डोक्यावर फडकं टाका आणि त्याला काखेत धरा, पण छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड वरखाली झालं तरच त्याचा श्वास चालतो. घट्ट दाबलेला कोंबडा हातातच गुदमरू शकतो. पाय दुसऱ्या माणसानं धरावा. एकट्यानं हे काम करू नये.

हत्यार कुत्र्याची नखं कापायची कात्री किंवा बारीक दातांची करवत. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच घ्या आणि प्रत्येक वेळी कापलेला भाग निरखा. कोरडा, खडूसारखा दिसला तर ठीक. मधोमध ओलसर, गुलाबी ठिपका दिसला की हात थांबवा, भले काटा अजून लांब वाटो. एकूण लांबीच्या पाव हिश्श्यापुढे एका बैठकीत जाऊ नये. काळपट काट्यात आतलं काही कळत नाही, तिथे कात्री ठेवून द्या आणि कानसच चालवा. शेवटी टोक घासून बोथट गोल करा. खरा फायदा याचाच, कारण कोंबड्यांना इजा लांबीपेक्षा टोकानं जास्त होते. माझ्या हातून पहिल्या खेपेला रक्त आलं होतं, कारण ‘अजून थोडं’ म्हणत गेलो. तसं झालंच तर तुरटीची पूड दाबून धरा आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत त्याला वेगळा ठेवा. लाल रंग दिसला की बाकीच्या टोचायला धावतात.

काटा वळून पायातच रुतला असेल, सूज किंवा लंगडेपणा असेल, तर पशुवैद्यकाकडेच न्या.

आणि एक स्पष्ट सांगतो. अंगावर येणारा कोंबडा काटे कापल्यानं गरीब होत नाही. माद्यांच्या पाठी सोलण्याचं कारण बहुधा त्यांच्या पाठीवर चढणाऱ्या नरांची गर्दी असतं. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो.

प्रश्न : दुसऱ्या एका कोंबड्याची शेपटी उजवीकडे कललेली आहे. उभ्या एकेरी तुऱ्याला बाजूनं एक फुटवा आहे, आणि डावा काटा उजव्यापेक्षा लहान आहे. पिल्लांसाठी ठेवावा का?

उत्तर : तीन गोष्टी, पण तिन्ही सारख्या नाहीत. काटा लहान-मोठा असणं ही खोड, म्हणजे पिल्लांत उतरणारा दोष, नव्हे. एखादा मोडतो, एखादा झिजतो. म्हाताऱ्या कोंबडीला काटा फुटला तरी घाबरू नका, आणि सुमात्रा जातीत तर एका पायाला एकापेक्षा जास्त काटे असणं हेच जातीचं लक्षण आहे.

शेपटी हातात धरून तपासू नका, धरलेला पक्षी सगळा वाकडाच दिसतो. मोकळा सोडा, तो पुढे चालत असताना मागून बघा. पिसं झडण्याचा काळ असेल तर महिना-दीड महिना थांबा. नवी पिसं आल्यावरही शेपटी कायम एकाच अंगाला राहिली, तर ती खोड रक्तातली समजा. एकेरी तुऱ्याचा बाजूचा फुटवाही पिल्लांत उतरतो. तुमच्या कोंबड्यात दोन्ही असतील तर पिल्लांसाठी तो नको. मांसाला चालेल.

पायाची बोटंही मोजा. बहुतेक जातींत चार असतात, सिल्की आणि डॉर्किंगमध्ये पाच. म्हणजे पाचवं बोट एका जातीत खोड आणि दुसरीत अट. ब्रह्माच्या पायावर पिसं हवीतच, लेगहॉर्नच्या पायावर एक बारीक पीसही दिसलं तर रक्तात भेसळ समजा. वळलेली बोटं मात्र सरळ जातीवर ढकलू नका. पिल्लांना ‘ब’ गटातलं रायबोफ्लेविन कमी पडलं तरी बोटं आत वळतात.

प्रश्न : पायाचे खवले जाड, पांढरट, उचललेले दिसतात. हीही जातीची खोड?

उत्तर : नाही, हे खवल्याखाली राहणाऱ्या किडीचं काम आहे, आणि ते एकीकडून दुसरीकडे पसरतं. पाय कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा, सुकू द्या आणि व्हॅसलिन चोळा. दर तीन-चार दिवसांनी, काही आठवडे. खवले ओरबाडून काढू नका. कळपातल्या सगळ्यांचे पाय बघा, आणि त्याच दिवशी बसायच्या दांड्याही खरवडून धुवा.