वाचकांचे प्रश्न : पाठ येतो, वाचता येत नाही

प्रश्न : चोपडा तालुक्यातील आमच्या शाळेत तिसरीची एक मुलगी पुस्तकातला धडा घडाघडा म्हणते, पण फळ्यावरचे नवे वाक्य तिला वाचता येत नाही. शिवाय 'केळी'ला ती 'केयी' म्हणते. काय करावे? – एक शिक्षिका

उत्तर : या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'केयी' हा वाचनदोष नव्हे. तुमच्या खानदेशातल्या अहिराणी बोलीत 'ळ'चा उच्चार बहुधा 'य' होतो, म्हणजे मुलीने अक्षर ओळखले आहे, आणि तिथे तिला टोकले तर ती बोलायचेच सोडेल. खरी अडचण पाठांतराची आहे. पुस्तक मिटून 'धर-घर', 'भात-मात' अशा जोड्या तिच्यापुढे ठेवा, म्हणजे नेमके कोणते अक्षर अडते ते कळेल. ऱ्हस्व वेलांटीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ती अक्षराआधी लिहिली जाते, पण उच्चारली जाते नंतर. त्यानंतर मुलगी घरच्या बोलीत कापूसवेचणीबद्दल जे सांगेल, तेच तिच्या शब्दांत लिहून तिच्याकडून वाचून घ्या. रोज पंधरा मिनिटे, एकटीला. वर्गासमोर मुळीच नको. जोडाक्षरांची घाई करू नये.