पोल मांडीवर आला, आता सही करू का?

प्रश्न: नमस्कार ताई, आमी दारव्हा तालुक्यातले. माहा लहाना भाऊ, वय 24, लाइनच्या कामावर रोजीनं जात होता. वावरातून सिमेंटचे पोल उभे करणं चालू होतं, आदल्या राती पाणी आलं होतं, दोर सटकला आन पोल खड्ड्यात जायच्या आंधी आडवा होऊन याच्या मांडीवर आला. हाड दोन ठिकाणी मोडलं, रॉड टाकला, तीन हप्ते झाले दवाखान्यातच आहे. ठेकेदार म्हणते हेल्मेट नव्हतं घातलं, चूक त्याचीच, वीस हजार घ्या आन स्टॅम्पवर सही द्या. काय करू?

उत्तर: भाऊ, सही करू नका. भरपाईचा हक्क सोडला असं लिहून घेतलेला कागद टिकत नाही, कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्यापासूनचा नियम आहे हा. आणि हेल्मेटचं म्हणाल तर पोल मांडीवर आला ना? आठ मीटरचा सिमेंटचा पोल तीनशे किलोच्या वर भरतो, त्याला हेल्मेट काय करणार. काळ्या मातीत पाण्यानंतर खड्ड्याची कड ढासळते, पाय ठरत नाही, अशात क्रेन न आणता जुन्या दोरावर पोरांकडून पोल उभा करून घेतला, चूक ती आहे, आणि ती काम घेणाऱ्याची आहे.

दवाखान्याचा सगळा खर्च, काम बंद आहे तोवर साधारण निम्मी मजुरी, आणि पाय कायमचा अधू झाला तर कमाई जितके टक्के घटली त्या हिशोबानं रक्कम, हे मागता येतं. ठेकेदारानं हात वर केले तर ज्यानं त्याला काम दिलं तोही बांधील असतो. अर्ज दोन वर्षांच्या आत द्यायचा. यवतमाळला सरकारी कामगार अधिकाऱ्याकडं जा, वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं फुकट वकील मागा.

ठेकेदार हजेरी नाही दाखवणार, म्हणून मजुरीचे फोनपेचे मेसेज, मुकादमाचे कॉल, दवाखान्याचे सगळे कागद जपून ठेवा, पोलिसात नोंद नसेल तर आजच करा. सोबतच्या पोरांच्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचे फोटो असतील तर ते घ्या. आणि तीच पोरं अजून त्याच दोरानं पोल उभे करत असतील तर त्यांना आधी फोन करा, म्हणा दोर बदलल्याशिवाय हात लावू नका, आणि पोल वर जाताना त्याच्या लांबीच्या आत कोणीच थांबू नका.