एलएसटी-325 (एलएसटी म्हणजे 'लँडिंग शिप, टँक', रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारं जहाज) या अमेरिकी जहाजानं दुसऱ्या महायुद्धात किती शत्रुजहाजं बुडवली? त्याची एवढी आठवण का काढतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बुडवलेल्या जहाजांचा हिशेब या जहाजाला लागूच होत नाही. त्याचं काम होतं रणगाडे, ट्रक आणि माणसं उघड्या किनाऱ्यावर नेऊन उतरवायची आणि परत येताना जखमींना घेऊन यायचं. त्यामुळे याची कामगिरी मोजायची ती फेऱ्यांवर. जून 1944 ते एप्रिल 1945 या काळात त्यानं इंग्लंड आणि फ्रान्सच्या दरम्यान 40 हून अधिक फेऱ्या केल्या.

मी मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये नोकरी केली. मुलगी अमेरिकेत इंडियाना राज्यात राहते, तिच्याकडे गेलो तेव्हा इव्हान्सव्हिलला ओहायो नदीत उभं असलेलं हे जहाज मुद्दाम जाऊन पाहिलं. तेव्हापासून याच्याबद्दल कुणी विचारलं की थोडक्यात सांगणं मला जमत नाही.

जहाज जमिनीला लागणं म्हणजे आमच्या धंद्यात केवढी नामुष्की! एलएसटीला मात्र तेच करायला बनवलं होतं. 328 फूट लांब, 50 फूट रुंद, बूड सपाट. समुद्रात असताना बॅलास्ट टाक्या पाण्यानं भरायच्या, म्हणजे जहाज खोल बसून लाटांत तग धरतं. किनारा जवळ आला की ते पाणी उपसून टाकायचं. मग पुढचा भाग जेमतेम चार फूट पाण्यात आणि मागचा दहा फुटांच्या आत, अशा बेतानं ते थेट वाळूवर चढतं. नाळेचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचे, दोन मोठे दरवाजे उघडतात, उतरंड (रॅम्प) खाली पडते आणि आतले रणगाडे स्वतःच चालत बाहेर येतात. परतीची सोय येतानाच केलेली असते. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर मागचा नांगर टाकून ठेवायचा आणि काम झालं की विंचनं (दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं) त्याचा दोर ओढत जहाज मागे खेचायचं. जॉन नीडरमायर या अमेरिकी नौदलाच्या अभियंत्यानं नोव्हेंबर 1941 मध्ये याचा पहिला आराखडा काढला. युद्ध संपेपर्यंत अशी हजाराहून जास्त जहाजं पाण्यात उतरली.

325 हे फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीतलं. 1 फेब्रुवारी 1943 ला ते सेवेत आलं आणि मार्चमध्ये न्यूयॉर्कहून उत्तर आफ्रिकेकडे निघालं. जुलैत सिसिलीतलं जेला, सप्टेंबरमध्ये इटलीतलं सालेर्नो, नोव्हेंबरअखेर इंग्लंड.

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या चढाईत ते राखीव तुकडीत होतं. 5 जून 1944 ला फॅल्मथहून निघालं आणि 7 तारखेला ओमाहा बीचसमोर नांगर टाकून त्यानं माणसं आणि गाड्या लहान होड्यांत उतरवल्या. 12 जूनचा एक फोटो प्रसिद्ध आहे. ओहोटी लागलेली, 325 आणि त्याच्या शेजारी 388 ही दोन्ही जहाजं कोरड्या वाळूवर बसलेली आणि सामान उतरवणं चाललेलं. कोकणातल्या माणसाला खाडीत ओहोटीला कलून पडलेल्या होड्या नवीन नाहीत. पण तिथे भरती-ओहोटीतला फरक वीस फुटांच्या आसपास जातो आणि हे तर शंभर मीटर लांबीचं लोखंडी जहाज. पुढची भरती येईपर्यंत हलायचं नाही, लपायला जागा नाही. एलएसटी या अक्षरांवरून खलाशी या संथ जहाजांना 'लार्ज स्लो टार्गेट', म्हणजे 'मोठं, संथ निशाण' म्हणायचे ते उगीच नव्हे.

माझ्या मते त्याचा सगळ्यात मोलाचा दिवस 28 डिसेंबर 1944. अमेरिकी सैनिकांना फ्रान्सला नेणारं 'एम्पायर जॅव्हेलिन' हे ब्रिटिश जहाज इंग्लिश खाडीत स्फोट होऊन बुडू लागलं. 325 मदतीला गेलं आणि सुमारे 700 माणसं त्यानं वाचवली. कडाक्याच्या थंडीत, पाणबुड्यांचा धोका असताना, थांबून माणसं घेत राहायचं! ज्यांनी समुद्रावर एखाद्या माणसाचा जरी शोध घेतलाय त्यांना 700 हा आकडा काय आहे ते कळेल. कप्तान क्लिफर्ड मोझियर यांना त्यासाठी ब्राँझ स्टार हे पदक मिळालं.

युरोपातलं युद्ध संपल्यावर मे 1945 मध्ये ते बेलफास्टहून घरी निघालं, तेव्हा वाटेत वादळानं गाठलं. नाळ एका प्रचंड लाटेवर आदळली आणि मुख्य डेकला आडवा तडा जायला लागला. जहाज मधोमध मोडायचीच वेळ होती. जहाजावरच्या कारागिरांनी त्या हेलकाव्यांत तड्यावर पोलादी तुळया वेल्ड करून ते वाचवलं. मी स्वतः बोटीवर वेल्डिंग करून घेतलेलं आहे, तेही शांत पाण्यात, आणि तरी काळजी वाटायची. त्या वेल्डरांची नावं कुठल्याही पदकावर नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढचं भराभर सांगतो. 1946 मध्ये निवृत्ती. 1951 पासून पुन्हा काम, आता कॅनडा आणि ग्रीनलंडच्या बर्फाळ किनाऱ्यांवर रडार केंद्रं उभारायला सामान नेण्याचं. 1964 मध्ये ग्रीसला दिलं गेलं आणि 'सिरोस' या नावानं ते 1999 पर्यंत ग्रीक नौदलात राहिलं. (आपल्याकडेही याच जातकुळीचं, थोडं मोठं ब्रिटिश जहाज, एलएसटी-3011, 1949 मध्ये आलं. आपली पहिली 'आयएनएस मगर' ती.)

आठवण काढतात त्याचं मुख्य कारण याच्यानंतरचं आहे. 2000 साली एलएसटीवर नोकरी केलेल्या म्हाताऱ्या खलाशांनी ते ग्रीसकडून मागून घेतलं. क्रीटमध्ये राहून स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं आणि रॉबर्ट जॉर्नलिन यांच्या हाताखाली अटलांटिक ओलांडून परत आणलं. सरासरी वय 72. 6,500 मैलांचा प्रवास करून 10 जानेवारी 2001 ला ते अलाबामातल्या मोबीलला पोचले. जहाजाची डिझेल इंजिनं जनरल मोटर्सच्या 567 मालिकेतली, अमेरिकेत रेल्वेच्या इंजिनांतही याच मालिकेची असत. सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी त्या उकाड्यात आणि आवाजात पाळ्या कशा केल्या असतील, हे खाली इंजिन रूममध्ये उभं राहून मी बराच वेळ बघत होतो.

2005 पासून त्याचा मुक्काम इव्हान्सव्हिलला आहे. याच गावच्या गोदीनं युद्धात 167 एलएसटी बांधल्या होत्या. गेलात तर आधी उतरंडीवरून रणगाड्यांच्या डेकवर जा. रिकामा, लांबच लांब, लोखंडी बोगदा आहे तो. जखमी माणसं तिथूनच इंग्लंडला परत येत होती.