थिसिसचे संदर्भ लावताना

अगं, गाइडकडे जाण्याआधी प्रत्येक संदर्भ पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची) उघडून बघ. पेपर मागे घेतला असेल तर तिथे ठळक सूचना असते. सीनियरच्या पेनड्राइव्हमधल्या जुन्या पीडीएफवर ती कुठून दिसणार? झोटेरो, म्हणजे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर, असेल तर तेच इशारा देतं. ‘लॅन्सेट’सारख्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकाचं नाव बघून भुलू नकोस. त्यातलाच वेकफिल्डचा एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीवरचा पेपर १९९८चा, मागे घेतला थेट २०१०मध्ये! २०२०चा, कोविडमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध देण्यावरचा पेपर मात्र दोनच आठवड्यांत गेला, कारण डेटा पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने मूळ डेटा तपासायलाच दिला नाही. म्हणून तुझा मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता), भरलेले प्रोफॉर्मा (प्रत्येक रुग्णाच्या माहितीचे फॉर्म), संमतीपत्रं जपून ठेव. आणि अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगला गेलीस नि कुणी ‘पी व्हॅल्यू बसवून देतो’ (म्हणजे निकाल हवा तसा दिसेल असे आकडे जुळवून देतो) म्हणालं, तर त्याचा चहासुद्धा घेऊ नकोस.