अमेरिकेत सुपरवाइज्ड रिलीजवर (तुरुंगवासानंतरच्या देखरेखीखालील सुटकेवर) असताना देखरेख करणारा प्रोबेशन ऑफिसर वॉरंटशिवाय घरात येऊ शकतो का?

हो, भेटीला येऊ शकतो. पण भेट म्हणजे झडती नव्हे. फेडरल सुटकेच्या नेहमीच्या अटींतच अधिकाऱ्याला घरात येऊ द्यावं आणि समोर दिसलेली निषिद्ध वस्तू नेऊ द्यावी, असं असतं. अशा भेटीला संशयाचं कारणही लागत नाही, असं सेकंड सर्किट या फेडरल अपील कोर्टाने रेयेस खटल्यात (2002) म्हटलं. कपाटं, ड्रॉवर उपसायचे तर मात्र अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी चौथी घटनादुरुस्ती आडवी येते. ग्रिफिन (1987) आणि नाइट्स (2001) खटल्यांत सुप्रीम कोर्टाने वॉरंटशिवायची झडती मान्य केली, पण तिथे वाजवी संशय होता. तरी आधी निकालपत्रातली झडतीची अट वाचा. काहींच्या अटीत संशयाचीही गरज ठेवलेली नसते, आणि मग वाद घालायला फारशी जागा उरत नाही.